शेवटच्या पगाराचें नांव

पैसा मोजणें सोपें असतें; तो कशाबद्दल हातीं आला हें सांगणें तितकें सोपें नसतें. महिन्याच्या आरंभीं घरांत येणाऱ्या पगाराविषयीं कोणास कोडें पडत नाहीं. काम केलें, त्याचें मोल मिळालें. सरकारनें त्यांतील आपला वांटा घेतला. उरलें तें वाण्याचें, दूधवाल्याचें आणि मुलांच्या फीचें. परंतु नोकरी गेल्यावर मनुष्याच्या हातीं जी शेवटची रक्कम पडते, ती पूर्वींच्या कोणत्याच रकमेसारखी नसते. ती आकारानें मोठी असते, आणि तिच्यामागून दुसरी येणार नसते. तिच्यांत उरलेल्या दिवसांचा पगार असतो, न घेतलेल्या रजेचे पैसे असतात, नोटिशीच्या महिन्याबद्दलची रक्कम असते, ग्रॅच्युइटी असते, आणि कायदा लागू पडत असेल तर नोकरी गेल्याबद्दलची भरपाई असते. कचेरींतील कारकून हे सगळे आंकडे एकाखालीं एक मांडतो, बेरीज करतो, प्राप्तिकर कापतो व सही घेतो. त्या बेरजेंत एक तात्त्विक प्रश्न दडलेला आहे असें आम्हीं म्हटलें, तर तो कारकून हंसेल. तरीही प्रश्न तेथें आहे, आणि त्याचें उत्तर काय मिळतें यावर त्या घराचा पुढील कित्येक महिन्यांचा खर्च अवलंबून असतो.

प्रश्न असा: नोकरी गेल्याबद्दल मिळणारा पैसा हें उत्पन्न आहे काय? तो जर गेल्या वर्षांच्या चाकरीचा राखून ठेवलेला मोबदला असेल, तर तो उशिरां आलेला पगारच होय, आणि पगारावर कर असतो तसा त्यावरही असावा. तो जर मालकानें औदार्यानें दिलेला निरोपाचा विडा असेल, तर कामगारास तो मागण्याचा हक्कच उरत नाहीं. मिळाला तर नमस्कार करून घ्यावा. आणि तो जर गमावलेल्या वस्तूची किंमत असेल, तर त्याला उत्पन्न म्हणतां येणार नाहीं. आंब्याच्या झाडाचीं फळें विकलीं तर तें उत्पन्न; झाडच कोणीं तोडलें आणि त्याबद्दल पैसे दिले, तर ते पैसे म्हणजे आंबे नव्हेत. हा भेद आमच्या खेड्यांतील शेतकऱ्यास पंडितानें शिकवावा लागत नाहीं. मात्र मनुष्याची नोकरी ही अशा झाडासारखी वस्तु आहे कीं नाहीं, ती त्याच्या मालकीची असते कीं केवळ मालकाच्या मर्जीनें त्याच्याकडे ठेवलेली असते, याविषयीं आमचे कायदे आणि आमची न्यायालयें दीर्घकाळ दोन मनांचीं राहिलीं आहेत.

हें सर्व हवेंत राहूं नये म्हणून आम्ही एका ठिकाणाची हकीकत घेतों. सोलापूर जिल्ह्यांतील माढा तालुक्यांत कुर्डुवाडी हें गांव आहे. मुंबईहून मद्रासकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील या स्थानकास पूर्वीं बार्शी रोड म्हणत. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नांवाच्या इंग्रज स्थापत्यविशारदाच्या कल्पनेतून तेथून बार्शीकडे अडीच फूट रुंदीच्या रुळांची छोटी गाडी १८९७ सालीं धांवूं लागली. पुढें एका अंगास ती पंढरपूरला गेली, दुसऱ्या अंगास लातूरला, आणि १९२७ मध्यें मिरजेस पोंचली. आषाढी-कार्तिकीच्या वारीस जाणारीं लाखों माणसें त्या डब्यांत दाटीवाटीनें बसलीं, कांहीं टपांवरही बसलीं. लोकांच्या तोंडीं तिचें नांव बार्शी लाइट. कुर्डुवाडीस तिचें वर्कशॉप होतें, आणि गांवचीं अनेक घरें त्या भोंग्यावर उठत व त्याच भोंग्यावर जेवत. ही गाडी सरकारची नव्हती. लंडनमध्यें नोंदलेल्या एका कंपनीची होती. १८९५ सालीं भारतमंत्र्यांशीं झालेल्या करारांत एक कलम असें होतें कीं, निदान बारा महिन्यांची लेखी सूचना देऊन सरकारास हा सारा व्यवहार विकत घेतां यावा.

तें कलम साठ वर्षें होत आलीं तेव्हां उपयोगांत आलें. १९ डिसेंबर १९५२ रोजीं रेल्वे बोर्डाकडून कंपनीस सूचना गेली कीं, १ जानेवारी १९५४ पासून गाडी सरकार घेणार. कंपनीनें ११ नोव्हेंबर १९५३ रोजीं आपल्या नोकरांस नोटीस दिली: ३१ डिसेंबरच्या दुपारनंतर सर्वांची नोकरी संपत आहे, ज्यांची इच्छा असेल त्यांस सरकार आपल्या चाकरींत घेणार आहे, अटी मागाहून कळतील. अटी १५ डिसेंबरला कळल्या. पुढें न्यायालयांत जी आंकडेवारी पुढें आली तिजप्रमाणें सुमारें ७७ टक्के लोक पूर्वींच्याच वेतनश्रेणींत घेतले गेले आणि सुमारें २३ टक्के कांहींशा खालच्या श्रेणींत, मात्र हातीं पडणारा त्या वेळचा पगार कमी न होतां. सरकारी नोकरी नाकारणारे दोन डझनांच्या आसपासच निघाले.

आतां या नोटिशीच्या अठरा दिवस आधीं, म्हणजे २४ ऑक्टोबर १९५३ पासून, देशांत एक नवा नियम अमलांत आला होता. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यांत भर घालून असें ठरलें होतें कीं, ज्या कामगाराची कपात होईल त्यास एक महिन्याची सूचना अथवा तिचा पगार द्यावा, आणि शिवाय नोकरीच्या प्रत्येक पुऱ्या वर्षामागें पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई द्यावी. कपात म्हणजे काय, तर शिक्षा म्हणून नव्हे अशा ‘कोणत्याही कारणानें’ मालकानें नोकरी संपविणें. कुर्डुवाडीच्या कामगारांनीं हे शब्द वाचले आणि म्हटलें, आमची नोकरी मालकानें संपविली आहे. लेखी संपविली आहे. आमची भरपाई द्या. के. एन्. जोगळेकर यांनीं कामगारांच्या वतीनें एकसष्ट अर्ज माढ्याच्या दिवाणी न्यायाधीशांपुढें दाखल केले, कारण वेतनवसुलीच्या कायद्याप्रमाणें अधिकारी तेच होते. प्रकरण मुंबईच्या उच्च न्यायालयांत गेलें तेव्हां तेथें कामगारांची बाजू मान्य झाली. कंपनी सर्वोच्च न्यायालयांत गेली. बडोद्याच्या दिनेश मिल्सचें प्रकरण याच वेळीं तेथें होतें. दोहोंचा निकाल एकत्र २७ नोव्हेंबर १९५६ रोजीं लागला. पांच न्यायमूर्तींनीं सांगितलें कीं, कपात हा शब्द चालू असलेल्या धंद्यांतील जादा माणसें कमी करण्यास लागू आहे. धंदाच प्रामाणिकपणें बंद झाला, किंवा दुसऱ्याच्या हातीं गेला, तर तें कपात नव्हे. कुर्डुवाडीस कांहीं मिळालें नाहीं.

या निकालावर रागावणें सोपें आहे, पण आम्हांस तें पुरेसें वाटत नाहीं. विचार करून पाहावा. ३१ डिसेंबरच्या रात्रीं एक फिटर कंपनीचा नोकर म्हणून निजला, आणि १ जानेवारीस सकाळीं सरकारचा नोकर म्हणून त्याच शेडमध्यें, त्याच इंजिनाखालीं, तोच पाना हातांत घेऊन उभा राहिला. त्याचा पगार तोच. त्याचें काय गेलें? कंपनीचा वकील हेंच विचारणार, आणि प्रश्न वावगा नाहीं. ज्याचें कांहींच गेलें नाहीं त्यानें भरपाई मागावी हें न्यायास धरून होत नाहीं. त्याला ती मिळाली असती तर ती निव्वळ नफा झाली असती. परंतु दुसरी बाजू अशी कीं, त्या फिटरची कंपनीकडील वीस वर्षांची चाकरी ३१ डिसेंबरला कागदोपत्रीं संपली होती. १९५५ मध्यें सरकारनें त्यास कमी केलें असतें, तर त्याचीं किती वर्षें मोजायचीं? एक, कीं एकवीस? आणि खालच्या श्रेणींत गेलेल्या २३ टक्क्यांचें आज जरी कांहीं घटलें नाहीं, तरी उद्यां मिळणारी वाढ घटली होती. नुकसान होतें, मात्र तें डोळ्यांना दिसणारें नव्हतें. तें भविष्यांत होतें.

येथें आमच्या विषयाचा गाभा हातीं येतो. भरपाई मागण्याचा हक्क आणि ती करमुक्त असण्याचा हक्क यांचें मूळ एकच आहे. नुकसान झालें म्हणूनच पैसा मागतां येतो, आणि नुकसान भरून काढण्यापुरताच तो असतो म्हणूनच त्यावर कर नको असें म्हणतां येतें. कोणी म्हणेल, मला भरपाई हवी, पण माझें गेलें काय हें विचारूं नका. तर त्यानें करही निमूटपणें भरावा. उलट सरकार म्हणेल कीं तुझें नुकसान झालें हें मान्य, म्हणून मालकाकडून तुला पैसा देववितों, पण त्यांतला भाग उत्पन्न समजून मी घेतों. तर सरकारनें एकाच रकमेस दोन नांवें दिलीं असें होईल. मालकाशीं बोलतांना ती भरपाई, आणि स्वतःच्या खजिन्याशीं बोलतांना ती कमाई. आमच्या देशांत तसें घडलें आहे, आणि तें थोड्याथोडक्या वर्षांपुरतें नाहीं.

१९२२ च्या प्राप्तिकर कायद्यांत, मालकाकडून मिळणारी रक्कम पगाराच्या जागीं आलेला लाभ समजावी, असें सांगतांना एक अपवाद ठेवला होता: जी रक्कम केवळ नोकरी गेल्याची भरपाई म्हणून दिली आहे, मागील कामाचा मोबदला म्हणून नव्हे, ती यांतून सुटे. म्हणजे परकीय सत्तेच्या त्या रुक्ष कायद्यानेंही झाड आणि फळ यांतील भेद ओळखला होता. १९५५ च्या वित्त कायद्यानें हा अपवाद काढून टाकला. त्यामागें कारण नव्हतें असें नाहीं. मोठ्या पगाराचे साहेब लोक कंपनी सोडतांना पगारच भरपाईच्या नांवानें घेत आणि कर चुकवीत, अशी तक्रार होती. परंतु चोरांसाठीं लावलेलें कुलूप घरच्यांच्याही वाटेंत आलें. पुढें १९५७ मध्यें, आतां सांगणार आहोंत त्याप्रमाणें, संसदेनें धंदा बंद पडल्यावरही भरपाई देण्याचें ठरविलें, तेव्हां तिला करांतून सोडणारें वाक्य दोन वर्षांपूर्वींच खोडलें गेलें होतें. प्राप्तिकर कायद्यांत कामगारकपातीच्या भरपाईस पुन्हां वेगळी सूट १९७५ च्या वित्त कायद्यानें मिळाली. मधलीं वीस वर्षें ती रक्कम कायद्याच्या दृष्टीनें कमाई होती.

कुर्डुवाडीच्या फिटरास या सगळ्याची झळ लागली असती काय? नसती. त्याची सारी भरपाई मिळविली तरी ती बहुधा करपात्र मर्यादेखालींच राहिली असती. ही गोष्ट आम्ही मुद्दाम नमूद करतों, कारण या विषयावर बोलणारे लोक गरीब कामगाराचें नांव पुढें करून मध्यमवर्गाची वकिली करतात असा आरोप होतो, आणि तो सर्वस्वीं खोटा नाहीं. फिटरापुढें प्रश्न होता पैसा देय आहे कीं नाहीं हा; कर किती हा प्रश्न त्याच्या नातवापुढें आला. परंतु दोन्ही प्रश्नांत विचारलें जातें तें एकच: नोकरी ही मनुष्याची कांहीं वस्तु आहे काय?

वस्तु म्हणजे काय हें कायद्यास चांगलें कळतें, आणि तेंही याच जिल्ह्यांत कळलें आहे. सोलापुरांतील सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी १९४९ मध्यें बंद पडली. हजारों माणसें उघड्यावर येतील म्हणून जानेवारी १९५० मध्यें केंद्र सरकारनें वटहुकूम काढून तिचें व्यवस्थापन आपल्या हातीं घेतलें. एका भागधारकानें दावा लावला कीं, यानें माझी मालमत्ता भरपाईवांचून हिरावली गेली. सर्वोच्च न्यायालयानें १८ डिसेंबर १९५३ रोजीं त्याचें म्हणणें मान्य केलें आणि वटहुकूम रद्दबातल ठरविला. तारीख लक्षांत घ्यावी. कुर्डुवाडीच्या लोकांची कंपनीकडील नोकरी संपण्यास त्या दिवशीं तेरा दिवस उरले होते. गिरणींतील भाग हातांतून गेलेला नव्हता, त्यावर नांव भागधारकाचेंच होतें. केवळ कारभार दुसऱ्याकडे गेला होता, आणि तेवढेंही मालमत्तेचें हरण ठरलें. वीस वर्षें इंजिनाखालीं काढलेल्या माणसाचा मालक बदलला, तर त्याचें कांहीं गेलें असें म्हणण्यास जागा नव्हती. आम्ही न्यायमूर्तींस दोष देत नाहीं. राज्यघटनेंत त्या वेळीं मालमत्तेचें कलम होतें, नोकरीचें नव्हतें. त्यांनीं कायद्याचे शब्द वाचले. पण शब्द कोणासाठीं लिहिलेले असतात हें अशा दोन तारखा शेजारींशेजारीं ठेवल्यावर कळतें.

धंदेवाल्याची कथाही अशीच. कलकत्त्याच्या केटलवेल बुलेन या कंपनीस एका तागाच्या गिरणीचें व्यवस्थापन सोडल्याबद्दल मोठी रक्कम मिळाली होती. ती उत्पन्न नसून उत्पन्नाचें मूळच गेल्याबद्दलची भांडवली रक्कम होय, असें सर्वोच्च न्यायालयानें १९६४ मध्यें ठरविलें. त्या रकमेस १९५५ पूर्वींचा कायदा लागू होता. ज्याच्या हातीं एकाहून अधिक व्यवसाय आहेत त्याचा एक करार तुटला, तर त्याचें मूळ गेलें; ज्याच्या हातीं एकच नोकरी आहे त्याची तीच गेली, तर त्याला लाभ झाला! तर्काची ही चाल आम्हांस समजत नाहीं.

संसदेनें मात्र त्वरा केली. कुर्डुवाडीच्या निकालानंतर पांच महिन्यांत वटहुकूम निघाला आणि १९५७ च्या अठराव्या कायद्यानें दोन नवीं कलमें आलीं. धंदा दुसऱ्याच्या हातीं गेला तर कपात झाल्याप्रमाणें भरपाई द्यावी. परंतु नोकरीत खंड पडला नसेल, नव्या अटी पूर्वींहून वाईट नसतील, आणि पुढें कपात झालीच तर जुनीं वर्षेंही मोजण्याची जबाबदारी नव्या मालकावर असेल, तर भरपाई नको. हीच ती विचारसरणी जी फिटरच्या प्रश्नास खरें उत्तर देते. तुझें कांहीं गेलें नसेल तर कांहीं मिळणार नाहीं, पण ‘गेलें नाहीं’ हें नुसत्या आजच्या पगारावरून ठरणार नाहीं. तुझीं मागील वर्षें तुझ्या नांवावर कायम आहेत काय हें पाहिलें जाईल. त्या २३ टक्क्यांस या कलमाखालीं निदान भांडण्यास जागा मिळाली असती. परंतु हा कायदा मागील कोणत्या तारखेपासून लागू करावा याचा निर्णय करतांना संसदेनें २८ नोव्हेंबर १९५६ ही तारीख निवडली, म्हणजे निकालाचा दुसरा दिवस. ज्यांच्या भांडणामुळें कायदा झाला, ते स्वतः एका दिवसानें मागें राहिले. एका दिवसानें असें म्हणणें लाक्षणिक आहे. त्यांची नोकरी संपल्यास तेव्हां जवळजवळ तीन वर्षें होऊन गेलीं होतीं.

आतां भरपाईच्या मापाविषयीं थोडें बोललें पाहिजे, कारण करवसुली करणाऱ्यांचा सगळा युक्तिवाद या मापावर उभा असतो. भरपाई मोजली जाते मागील वर्षांवर: वर्षामागें पंधरा दिवस. मग ती मागील चाकरीचाच मोबदला नव्हे काय? आमच्या मतें नव्हे. शिंप्याची पट्टी कापड मोजते म्हणून पट्टी कापड होत नाहीं. नोकरी गेल्याचें नुकसान पुढें असतें, आणि पुढचें मोजण्यास कोणाजवळ माप नाहीं. दोन वर्षें काम केलेल्या तरुणास दुसरें काम मिळेल. त्याचे हात अजून कोणत्याही यंत्रास वळतील. पंचवीस वर्षें एकाच वर्कशॉपांत अडीच फुटी गाडीचीं चाकें दुरुस्त केलेल्या माणसाचें कसब त्या गाडीखेरीज कोठें चालणार? मनुष्य जितका एका कामांत मुरतो तितका तो इतरांस निरुपयोगी होत जातो. वर्षें मोजणें ही त्या अडचणीची अजमासानें केलेली मोजणी आहे. कायद्यानें भूतकाळ मोजला तो भविष्यकाळाचा अंदाज म्हणून.

यावर एक आक्षेप आहे आणि तो बळकट आहे. करमाळ्याच्या माळावरील शेतकऱ्याचें पीक पावसानें दगा दिल्यामुळें जातें. सोलापुरांतील विणकराचा माग सुताच्या भावामुळें बंद पडतो. कुर्डुवाडीच्या फलाटावरील चहावाल्याचें गिऱ्हाईक गाड्यांच्या वेळा बदलतांच नाहींसें होतें. त्यांचेंही झाडच तुटतें. त्यांना भरपाई कोणी देत नाहीं, मग करमाफीची गोष्ट दूरच. ज्यांना निदान कांहीं रक्कम मिळाली त्यांनीं वर तिच्यावरील कराची तक्रार करावी हें शोभतें काय? आम्हांस या आक्षेपाचें पूर्ण खंडन करतां येत नाहीं, आणि करण्याची इच्छाही नाहीं. एवढेंच म्हणतों कीं, विणकरास भरपाई मिळत नाहीं हा विणकरावरील अन्याय आहे. त्यावरून गिरणी कामगाराच्या भरपाईस कमाई म्हणणें योग्य ठरत नाहीं. शेजाऱ्याच्या घरीं दिवा नाहीं म्हणून आपला विझविल्यानें त्याच्या घरांत उजेड पडत नाहीं. मात्र सुटीस मर्यादा असावी, हें या आक्षेपामुळें आम्हांस पटतें. मोठ्या पगाराच्या माणसानें कोट्यवधींची रक्कम भरपाई म्हणून घरीं न्यावी आणि खजिन्याकडे पाठ फिरवावी, हें आम्हांस मान्य नाहीं.

पण मर्यादा घातली कीं ती जिवंत ठेवणें हें कर्तव्य होऊन बसतें. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यांत ही मर्यादा पन्नास हजारांहून कमी नसावी व सरकारनें ती जाहीर करावी असें होतें. १ जानेवारी १९९७ पासून ती पांच लक्ष रुपये झाली, आणि पुढें पांव शतकाहून अधिक काळ तेथेंच राहिली. याच काळांत ग्रॅच्युइटीची मर्यादा २०१८ मध्यें वीस लाखांवर नेली गेली, आणि खाजगी नोकरांच्या रजेच्या पगाराची २०२३ मध्यें पंचवीस लाखांवर. म्हणजे जो आपल्या वेळेस मानानें निवृत्त होतो त्याच्याकडे राज्यकर्त्यांचें लक्ष गेलें. ज्याला अवेळीं उठविलें त्याची मर्यादा कोणीं चाळली नाहीं. १९९७ मध्यें पांच लाखांत जिल्ह्याच्या गांवीं घर होई. आजचा हिशेब करून पाहावा: वीस वर्षें नोकरी केलेल्या आणि महिना तीस हजार मिळविणाऱ्या कामगाराची भरपाई तीन लाख, ती सुटते. ऐंशी हजार मिळविणाऱ्या कुशल तंत्रज्ञाची आठ लाख; त्यांतले तीन लाख त्या वर्षाच्या कमाईंत जाऊन बसतात. आणि तो व्यवस्थापक किंवा अधिकारी असेल, तर तो कायद्याच्या दृष्टीनें कामगारच नव्हे. मग कंपनीनें दिलेली भरपाई पगाराच्या जागीं आलेला लाभ म्हणून पुरी करपात्र. पुण्या-मुंबईच्या संगणक कंपन्यांतून एका सकाळीं बाहेर पडलेल्या कित्येक तरुण-तरुणींस आपण कायद्याच्या कोणत्या बाजूस उभे आहोंत हें त्याच दिवशीं प्रथम समजतें.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४७ च्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेनें घेतली. वर्षामागें पंधरा दिवस हें माप तिनें कायम ठेवलें, आणि शिवाय कपात झालेल्या कामगारास नवें कसब शिकण्यासाठीं मालकानें पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम एका निधींत भरावी असें ठरविलें. आम्हांस ही कल्पना आवडली, रकमेसाठीं नव्हे. भरपाईचें तोंड पुढें आहे, मागें नाहीं, ही गोष्ट कायद्यानें प्रथमच अशी उघड बोलून दाखविली.

एकरकमी पैशावरील कराचा आणखी एक अन्याय असा कीं, पंचवीस वर्षांचा हिशेब एका वर्षांत चुकता झाल्यामुळें मनुष्य कागदावर एकाएकीं श्रीमंत होतो, आणि वरच्या दरानें कर भरतो. ज्या वर्षीं तो सर्वांत निर्धन झाला तेंच त्याचें सर्वांत श्रीमंत वर्ष. यावर उपाय म्हणून १९६१ च्या कायद्याच्या ८९ व्या कलमानें अशी रक्कम मागील वर्षांवर पसरून दर काढण्याची सवलत दिली, आणि २०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्यानेंही ती सोडलेली नाहीं. परंतु ती आपोआप मिळत नाहीं. वेगळा नमुना भरून मागावी लागते. नोकरी गेलेल्या माणसाच्या घरीं त्या दिवसांत कोण काय भरतो हें आम्हीं पाहिलें आहे. बहुतेक घरांत गृहिणीच कागद जपून ठेवते, आणि तिला कोणीं सांगितलेलें नसतें कीं या कागदांत परत मिळणारे पैसे आहेत. म्हणून रकमेवर सही करण्यापूर्वीं प्रत्येक आंकड्याचें नांव लेखी मागून घ्यावें: पगार किती, नोटिशीचा किती, रजेचा किती, ग्रॅच्युइटी किती, भरपाई किती. नोटिशीच्या महिन्याचे पैसे पगारासारखेच करपात्र असतात. इतरांचे नियम एकमेकांपासून वेगळे आहेत. आणि सारें एका ओळींत ‘अखेरची रक्कम’ म्हणून लिहिलें गेलें तर सूट मागणाऱ्यासच पुरावा शोधीत फिरावें लागतें.

प्रॉव्हिडंट फंडाच्या नियमांत एक जुनें वाक्य आहे, त्याचा उल्लेख करण्याचा मोह आवरत नाहीं. पांच वर्षें पुरीं होण्याआधीं फंड काढला तर त्यावर कर लागतो. परंतु नोकरी जर प्रकृतीच्या अस्वास्थ्यामुळें, मालकाचा धंदा आकुंचित झाल्यामुळें किंवा बंद पडल्यामुळें, अथवा नोकराच्या हातांबाहेरील अन्य कारणानें गेली असेल, तर तो लागत नाहीं. इतक्या कोरड्या नियमावलींत कोणीतरी हा प्रश्न विचारून ठेवला आहे: यांत याचा दोष होता काय? शेवटच्या रकमेच्या इतर कोणत्याही ओळीपुढें हा प्रश्न विचारलेला आम्हांस आढळला नाहीं.

कुर्डुवाडीचे ते अडीच फुटी रूळ एकविसाव्या शतकाच्या आरंभीं उखडले गेले आणि तेथें रुंद मार्ग आला. पंढरपूरची गाडी आतां मोठी आहे. जोगळेकरांच्या नांवाचा तो खटला मात्र नोकरकपातीच्या वादांत आधारास घेतला जात राहिला. आणि त्यांतील एकसष्ट अर्ज ज्यांचे होते त्यांतील कोणाचेंही नांव निकालपत्रांतून वाचकांच्या ओळखीचें झालेलें नाहीं.